सांडणारे वाटाणे

“मुक्ता, उरलं तेवढंच लिहू नकोस. सांडलं तेही लिही,” मी मिशनच्या शाळेत शिकत होते तेव्हा मरियाबाई प्रयोगाच्या तासाला मला बजावायच्या.

पुढं मी जिथं शिकवायला लागले तिथले आमचे हेडमास्तर राधाकृष्ण सर असल्या कुणाच्या हाताखालून गेलेले नव्हते. कोटाच्या खिशाला तीन पेनं, एकातही शाई नाही.

बहात्तर साली नगरला विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं. माझ्या वर्गातल्या चांगुणानं पत्र्याची पन्हळ झोळीसारखी वाकवून मॉडेल केलं. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यात विद्युतभारित कण चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिण येरझारा घालतात. ध्रुवाकडं चुंबकत्व वाढतं, तिथून बहुतेक माघारी फिरतात. पण जो फार सरळ घुसतो तो फिरत नाही, हवेवर आदळून कायमचा जातो. चांगुणाचे वाटाणे पन्हळीत तसेच मागंपुढं घरंगळत, आणि जोरातला एखादा टोकावरून खालच्या वाटीत पडे. वाटीवर चिठ्ठी होती, ‘वातावरण’.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी ती वाटी पाहिली.

“दुष्काळात दाणा सांडवता? शिक्षणाधिकारी साहेबांपुढं?”

“सर, गोट्या घेते,” चांगुणा म्हणाली.

“गोट्या सांडल्या तरी सांडणंच! आणि अडकलेला कण सुटेल कसा? पट्टा म्हणजे एस.टी.चा थांबा आहे का, उतरायला?”

“पर सुटलेच न्हाई तर पट्टा भरून जाईल की, सर. सूर्याकडनं नवे येतातच.”

“लई शहाणी! चूल फुंकताना उपयोगी पडेल हो!”

आसाराम शिपायाकडून त्यांनी पन्हळीची दोन्ही टोकं लाखेनं बुजवून घेतली, पन्हळ हलवली आणि स्वतःच खूश झाले. “बघा बाई, एक दाणा पडत नाही!”

वीस वर्षं विज्ञान शिकवून या माणसाच्या डोक्यातूनही एक गैरसमज कधी बाहेर पडला नव्हता. मी “बरं सर” म्हटलं. कुणाला वाकडं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. मनात काय म्हटलं ते महादेवाला ठाऊक.

सर गेल्यावर चांगुणा म्हणाली, “बाई, मी उद्या येत न्हाई. खोट्याजवळ उभं राहून लोकांना काय सांगू? शाळाबी पुरे झाली आता.”

“ये तू. टेम्पोत मॉडेल चढेल तेव्हा टोकं मोकळी असतील. शब्द देते.”

“सर काय म्हनतील?”

“म्हणू देत. त्यांचं म्हणणंही हवेतच जातं.”

ती हसली नाही, पण वाटी तिनं पुसून पुन्हा जागेवर ठेवली.

सकाळी तुळशीला पाणी घातलं. रोज वाचायची पोथी मात्र नऊ वर्षांत पहिल्यांदाच बासनात राहिली. लाख खरवडायला सुरी पदराखाली घेतली, दार ओढलं आणि प्रयोगशाळेच्या किल्लीसाठी आसारामच्या घराकडं चालू लागले.