तिसऱ्या दालनातले हात

बहिऱ्या माणसाशी भांडण झालं की तो कानावर हात ठेवत नाही, डोळे मिटतो. मिटले की संपलं. मग तुम्ही हात जोडा नाहीतर हात आपटा, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

चुळबुळीचा दादा दोन वर्षं तिच्यासमोर डोळे मिटून होता.

चुळबुळी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी दादाने तिच्याकडे बघून दोन बोटं हवेत वळवळवली, तेव्हापासून खुणांच्या भाषेत तिचं नाव तेच. ती एका जागी पाच मिनिटं बसलीय हे कोणी पाहिलेलं नाही. बोलायच्या आधी ती हातांनी भांडायला शिकली आणि पुढे तेच पोटापाण्याचं झालं. बोलणाऱ्यांचं बहिऱ्यांना हातांनी सांगायचं, बहिऱ्यांचं बोलणाऱ्यांना तोंडाने. दुभाषी.

तर बहिऱ्यांच्या संस्थेतून फोन आला. संग्रहालयात बुद्धावरचं प्रदर्शन, पंधरा जणांची सहल, नेहमीचा दुभाषी तापाने पडलाय, येतेस का? तिने एवढंच विचारलं, कोण कोण आहे. यादीत दादाचं नाव होतं.

बुद्धाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. गाइड तासभर बोलणार, ती तासभर हात हलवणार, आणि दादाला तासभर तिच्याकडे बघावं लागणार. एवढंच तिला हवं होतं. बघितलं तर पुढचं पुढे.

दालन पहिलं

दादाने तिला दारातच पाहिलं. लेथवर काम करून कमावलेले खांदे त्याने सावकाश फिरवले आणि तो भिंतीवरच्या फलकांकडे गेला. वाचता येतं की. दुभाष्याची गरज कोणाला?

दादाचा दोस्त, शिंपी, हातांनी म्हणाला, "तुझी बहीण आलीय. आता बघ, गाइड एक वाक्य बोलेल आणि ही चार सांगेल."

दादाने मान वळवली नाही.

गाइड: सुरुवातीची काही शतकं त्याची माणसासारखी मूर्ती फारशी कोणी केलीच नाही. हे बघा, आसन आहे, वर कोणी नाही. पावलं आहेत, माणूस नाही.

हात: आसन. रिकामं. पावलं. माणूस गेला.

गेला? गेला असं गाइड कुठे म्हणाला? हात आपले आपण म्हणून मोकळे झाले. तिने दादाकडे पाहिलं. पाठ.

*(इथे थांबून सांगायलाच हवं, नाहीतर ती पाठ नुसतीच पाठ वाटेल.*

*दोन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते. डॉक्टर बाहेर येऊन तिला म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. आमच्या हातात काही नाही. दादाने विचारलं, काय म्हणाले? आणि चुळबुळीच्या हातांनी सांगितलं: बरं होतंय, लवकरच घरी सोडतील. दादा निर्धास्त होऊन कामावर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संत्री घेऊन आला तेव्हा खाटेवर धुतलेली चादर होती.*

*एवढंच. चला.)*

दालन दुसरं

इथे मूर्तीच मूर्ती. कुरळ्या केसांचा बुद्ध, टोकदार मुकुटाचा, लाकडाचा, एक तर हाडं दिसेपर्यंत वाळलेला. गाइडला चेव चढला.

गाइड: धर्म डोंगर ओलांडून चीनमध्ये गेला तेव्हा भाषांतर करणाऱ्यांची पंचाईत झाली. तिकडे हे शब्दच नव्हते. मग त्यांनी आपल्यातले जवळचे शब्द वापरले. लोकांना पटकन कळलं, पण कळलं ते भलतंच. शेवटी काही शब्द त्यांनी होते तसेच ठेवले.

हातांनी हे मुकाट्याने सांगितलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर.

"नाक बदललं, केस बदलले," शिंपी मूर्तींवरून बोट फिरवत म्हणाला. "कपडे तर प्रत्येक मुलखातल्या शिंप्याने आपल्या मापाने शिवलेत."

"शिवलेले कुठे दिसतायत? नुसते गुंडाळलेत," दादा म्हणाला.

"म्हणून तर शिंप्याचं घर चालत नाही." मग त्याने दादाच्या खांद्यावर थाप मारली आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांची एक मूर्ती दाखवली. "हा बघ, तुझा जोडीदार. याचंही बहिणीशी वाजलेलं दिसतंय."

दादा हसला. तिला बाजूने त्याच्या गालाची खळी दिसली. दोन वर्षांनी. तिला वाटलं, आत्ताच. मग वाटलं, आत्ता नको. मग गाइड पुढे निघालासुद्धा.

दालन तिसरं

फलक नव्हते. लागायचे होते, भिंतीवर नुसते खिळे, खाली गुंडाळलेले कागद. दादाने एक भिंत पाहिली, दुसरी पाहिली. वाचायला काही नाही. बाकीचे अर्धवर्तुळ करून उभे राहिले होते, तोही त्यात येऊन उभा राहिला. आणि त्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

गाइड: तो वैद्यासारखा बोलला. पहिलं, आजार आहे. दुसरं, आजाराला कारण आहे. तिसरं, आजार जाऊ शकतो. चौथं, जायचा उपाय हा. दुःखाबद्दल तो हेच म्हणाला, याच क्रमाने. आता जो वैद्य पहिलंच वाक्य लपवतो, त्याच्या पुढच्या तीन वाक्यांना काय अर्थ?

हात: आजार आहे.

हात:

हात:

गाइडने तिच्याकडे पाहिलं. तिच्या धंद्यात नियम एकच, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही.

हात: डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. दोन दिवस, फार तर तीन. मी तुला बरं होतंय म्हणाले.

खुणांमध्ये कुजबुजता येत नाही. पंधराच्या पंधरा जणांनी ते पाहिलं. पहिला हलला तो शिंपी. त्याने पाठ फिरवली, शेजारच्याला खांद्याला धरून फिरवलं, त्याने पुढच्याला. क्षणात चौदा पाठी झाल्या.

"काही झालं का?" गाइडने विचारलं.

"तुम्ही बोला," ती तोंडाने म्हणाली. "बोलत राहा."

चौदा पाठींसमोर तो बोलत राहिला. जहाजं, व्यापारी, बेटं.

दादाचे डोळे उघडे होते. "का?" त्याने विचारलं.

"मला ‘मरण’ हा शब्द करता येईना. तोंडाने म्हटला की सुटतो. हाताने करायचा म्हणजे अंगावर घ्यायचा."

"म्हणजे तुझ्या हातांना त्रास नको, म्हणून मी बाबांना बघायचं नाही."

"हो."

दुसरं उत्तर नव्हतंच. तो श्वास घेत होता, जोरात. तो आवाज त्याला ठाऊक नव्हता, तिला ऐकू येत होता.

"शेवटी ते काय म्हणाले?"

झोपेत गेले, म्हणायचं. सोपं होतं. तिचा हात गालाकडे निघालासुद्धा होता, झोप म्हणायला. दादाने हाताची ती वाट ओळखली. त्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या.

तिने हात खाली घेतला.

"त्यांच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. खुणाच करत होते." बाबांना जेमतेम वीसेक खुणा येत, त्याही धड नाहीत. "ये म्हणत होते. तुला. दुपारभर. मी त्यांना सांगितलं, तो वाटेतच आहे. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर आदल्या दिवशीचं खोटं उघडं पडलं असतं."

दादाच्या पापण्या थरथरल्या. ती वाट बघत राहिली, पाय न हलवता. मिटल्या नाहीत.

"कसं म्हणत होते? करून दाखव."

'ये' मनगटातून करायचं असतं, हलकं. बाबा कोपरापासून अख्खा हात ओढून करायचे, विहिरीतून बादली खेचावी तसे. दादाने जन्मभर त्यांना सुधारलं होतं, ते कधी सुधारले नाहीत.

तिने कोपरापासून हात ओढला.

दादा पुढे आला. मध्ये दोन हात अंतर. चेहऱ्यावरून काही कळेना, राग होता की आणखी काही. मागे गाइड विचारत होता, पुढच्या दालनाकडे निघायचं का, आणि ते हातांनी सांगायला कोणी नव्हतं.

"पुन्हा," दादा म्हणाला.