घरी कोण आहे?

या, असे पुढे सरकून बसा. गोष्ट छोटी आहे, पण मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही.

तुरुंगाच्या कचेरीत एका घरच्या धाकट्या सुनेने टेबलावरचा पेला उचलला आणि भिंतीवर भिरकावला. पेला प्लास्टिकचा, पाणी अर्धंच. फार काही झालं नाही. समोरच्या ताईंनी कागद तेवढा वर धरला, भिजू नये म्हणून.

"आता लिहा," धाकटी म्हणाली. "हात उगारते, असं लिहा."

ताईंना हसू आलं. सुटकेआधी कैदी बायकांना प्रश्न विचारून गुण द्यायचे, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. गुण जास्त तितका धोका जास्त. जिचे कमी, ती घरी. ते कमी व्हावेत म्हणून बायका काय काय करीत. वाढवून मागणारी ही पहिलीच.

"इथलं जेवण गोड लागायला लागलं का गं तुला?"

धाकटी हसली नाही.

"घरी कोण आहे?" ताईंनी पुढचा प्रश्न वाचला.

"थोरले दीर. तेवढेच."

"भेटायला येतात?"

"दर आठवड्याला. चुकत नाहीत."

घर आहे, माणूस आहे. कागदाच्या लेखी भक्कम आधार. ताईंनी शून्य मांडलं. घरात चोरीचा माल सापडला तेव्हा दोघी जावांनी तो आपलाच म्हणून सांगितलं होतं. गेल्या वर्षी थोरलीलाही ताईंनी असंच शून्य देऊन घरी धाडलं होतं. फाटकातून जाताना ती वळूनवळून पाहत होती. ताईंना ती माया वाटली होती.

"थोरली बरी आहे ना?"

धाकटी भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिली. "त्यांनाच विचारा. बाहेर बसलेत."

दीर बाकावर होते, मांडीवर नव्या चपलांचं खोकं. ताईंना पाहताच अदबीने उठले.

"तिच्यासाठी आणल्यात. अनवाणी कशी न्यायची?"

"आणि तुमची बायको?"

"ती गेली हो. चार महिने झाले. जिन्यावरून पडली." त्यांनी खोक्यावरची धूळ पुसली. "फार बोलायची." मग हळूच विचारलं, "ही आत काही बोलली का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"माल खरा कुणाचा होता, हे कुणाला सांगितलंस?"

"थोरलीने सांगितलं होतं. चौकीवर जाऊन."

ताईंनी शून्य खोडलं. मग मागची पानं उलटली. हात उगारते: हो. पस्तावा: नाही. खोटं लिहायची सवय नव्हती. अक्षर वाकडं आलं. बेरीज झाली. धोका जास्त. आणखी एक वर्ष आत.

धाकटीने वाकून जमिनीवरचा पेला उचलला आणि जागच्या जागी ठेवला.

"यंदा नाही सुटायची," ताईंनी बाहेर जाऊन सांगितलं.

दीर रागावले नाहीत. खोकं काखेत मारून म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी येतो. ती कुठे पळून चाललीय?"

देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या धाकटीचीही आठवण काढा. वर्ष काही फार मोठं नसतं.