गोड झालेली विहीर

नमुना १. रंग: नाही. वास: नाही. चव: घेऊ नये.

छापील कागदावर असंच असतं. प्रयोगशाळेत पाण्याची चव कोणी घेत नाही, आणि अकोल्याजवळच्या त्या वीज प्लांटमध्ये घेईल तो वेडाच. तिथे नव्याने लागलेल्या संध्याने दोन बाटल्या घेतल्या. एकीत प्लांटचं वापरून झालेलं पाणी. ते नदीत सोडायला मनाई, म्हणून लांब कुठेतरी बोअर मारून हजार फूट खाली जमिनीत दाबायचं ठरलेलं. दुसरीत त्या हजार फुटांवरचं मूळचं खारं पाणी. दोन्ही काचेसारखी निवळ. एकत्र केली आणि भांड्यात ताक झालं.

"यातलं सल्फेट, त्यातलं कॅल्शियम," ती प्रयोगशाळेचे प्रमुख मनोज सरांना म्हणाली. "खालीही हेच होईल, सर. वाळूची भोकं बुजतील. मग पाणी कुठून तरी वर वाट काढेल."

मनोज सरांनी भांडं उजेडात धरलं, खाली ठेवलं, घड्याळ पाहिलं. "जेवून ये."

जेवून आली तोवर पांढरं तळाला बसलेलं.

"आता वर काय दिसते?"

"वर निवळ आहे, सर."

"मग तेच लिही ना. काहून स्वतःच्या पोटावर पाय देऊन राहिली?"

नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. शेरा: मिसळण्यास योग्य. सही.

नमुना २.

घेतलाच नाही. वर्षभर बोअरवरच्या दाबाचा काटा चढत गेला आणि दर वेळी आणखी मोठा पंप आला.

नमुना ३. बाटली: सरबताची. आणणार: एसटीचा कंडक्टर.

त्याआधी आईचा फोन. इंदूबाई फोनवर आधी खोकते, मग बोलते. त्या दिवशी खोकायचंही विसरली.

"संध्या, आपली विहीर गोड झाली वं!"

दर्यापूरकडचं ते गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथे चहा फाटतो, डाळ चुलीवर तासभर हट्ट धरून बसते, आंघोळ झाली तरी अंगावर मीठ राहतं. त्यातही बौद्ध वस्तीतली विहीर सगळ्यात खारी, गुरंसुद्धा हुंगून तोंड फिरवायची. आता तिच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजत होती. वस्तीने वंदना घेतली, खीर वाटली.

"अन् पान्याले कोन आलं, सांग? वरच्या आळीचा किसनराव! त्याच्या बापानं आपल्या आळीत पाय नोता ठेवला. मले म्हनते, इंदूबाई, जरा दोर देता का? देता का, म्हने! मी म्हनलं, घ्या ना."

संध्या हसली नाही. "आई, एक बाटली भरून पाठव. आजच."

क्षार निम्म्यावर आलेले. बोरॉन जास्त, सेलेनियम जास्त. आणि पाइपांना पापुद्रा धरू नये म्हणून प्लांट आपल्या पाण्यात जे रसायन टाकतो, तेही. ते काही जमिनीत पिकत नाही; खाली दाबलेलं पाणीच वाट काढून विहिरीत आलं होतं. प्लांटचं पाणी खारंच होतं, फक्त गावच्या पाण्याइतकं खारं नव्हतं. गोडीचं गुपित एवढंच.

कागद वाचून मनोज सर खुलले. "क्षार निम्मे झाले? ही तर सुधारणा!" चार दिवसांत विहिरीजवळ कंपनीचा फलक लागला: गोड पाणी, गोड गाव.

संध्याने दुसरा कागद लिहून प्रदूषण मंडळाच्या जिल्ह्याच्या ऑफिसात दिला. नमुना १ चा शेरा खोटा, सही माझी. त्यांनी पोच दिली. पोचेवरचा शिक्का मात्र ठसठशीत होता.

नमुना ४. भांडं: पितळी पेला.

आईला फोनवर सांगवेना, म्हणून दर्यापूरहून जीपने ती गावी उतरली, तेव्हा विहिरीवर रांग होती. वरच्या आळीच्या बाया, ट्रॅक्टरवर टाकी, टाकीशी किसनराव. इंदूबाई नवं लुगडं नेसून दोराजवळ उभी, जणू लग्नाची पंगत तीच वाढत होती. लेक दिसली तशी घरात आली, पेला भरून पुढे केला.

"पी. गूळ टाकल्यावानी लागते."

संध्याने पेला घेतला. धरून ठेवला. मग ओट्यावर ठेवला.

आई बघत राहिली. तिच्या हातचा पेला लोकांनी असा बाजूला ठेवलेला तिने जन्मभर पाहिला होता. पोटच्या पोरीने आज पहिल्यांदा ठेवला.

"काहून वं?"

"आई, हे आमच्या प्लांटचं पाणी आहे. घाण आहे त्यात. खाली दाबा म्हणून लिहिलं, ती सही माझी."

इंदूबाई ओट्याकडे वळली. पेला उचलून मोरीत ओतला, बाहेर गेली आणि रहाटावरचा दोर सोडायला लागली.

"हे काय?" किसनराव म्हणाले.

"नका नेऊ, भाऊ. पानी चांगलं नाई."

"काका, मी तपासलंय," संध्या म्हणाली. "विषारी आहे."

"तू प्लांटातलीच ना? अन् हा फलक कोनाचा?" किसनराव रांगेकडे वळून हसले. "पाहा बरं. आमी यांच्या विहिरीचं पानी चालवून घेतलं, अन् याइलेच मस्ती चढली."

"लेकराइले तरी पाजू नका," इंदूबाई म्हणाली.

किसनरावांनी ट्रॅक्टरमधून स्वतःचा दोर काढला. बादली खाली गेली, भरून वर आली. मग दुसरी. वस्तीतल्या दोघीतिघींनी इंदूबाईकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं आणि आपापले पाण्याचे गुंड रांगेत सरकवले.

इंदूबाई घागर घेऊन गावाबाहेरच्या हातपंपावर गेली. तो अजून खारा होता. तिने चहा ठेवला, दूध घातलं. चहा फाटला.

दोघींनी तो गाळून घेतला आणि प्यायला.