गुळगुळीत पृष्ठभाग

गणित विभागात मी अकरा वर्षं वरच्या वर्गांना कॅल्क्युलस शिकवत होते, तेही हंगामी म्हणून. सासूबाई फोनवर आधी "कायम झालीस का गं?" विचारायच्या, मग तब्येत.

यंदा विभागाने चित्रं काढणारं सॉफ्टवेअर घेतलं. समीकरण टाकलं की पडद्यावर रंगीत डोंगरदऱ्या. खोटं कशाला बोलू, चांगलं होतं ते. मी तासभर खडू झिजवून जे जमत नसे, ते मुलांना क्षणात दिसे. पण नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, आमच्या विभागप्रमुखांची नऊ महिने झाले तरी ओसरेना.

तपासणी समिती आली. तिच्यासमोर माझा तास. आवडला तर नोकरी कायम. मी मुद्दाम एक वाकडं फंक्शन निवडलं. मधल्या बिंदूकडे सरळ रेषेने गेलात तर उत्तर शून्य, पॅराबोलाच्या वक्र वाटेने गेलात तर अर्धा. लिमिट म्हणजे सगळ्या वाटांनी येणारं एकच उत्तर; इथे दोन वाटांची दोन उत्तरं, म्हणजे तिथे लिमिट नाहीच. पडद्यावर त्या जागी पृष्ठभाग चुरगळलेला दिसत होता.

"अहो मॅडम, पाहुण्यांसमोर असलं फाटकं?" समिती दारात असतानाच प्रमुख कुजबुजले आणि त्यांनी 'गुळगुळीत करा' हे बटण दाबलं. सुरकुत्या गायब, मधोमध शून्यावर सपाट मैदान.

"वा! म्हणजे इथे लिमिट शून्य," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "किती स्पष्ट!"

मागच्या बाकावरून सतत शंका काढणारी एक मुलगी, आमची शंकासुर, उठली. हा पेपर तिचा एकदा राहिला होता, तेव्हापासून ती प्रत्येक गणित हाताने करून बघे. "मॅडम, पॅराबोलावरून अर्धा येतंय. लिमिट नाहीये ना?"

प्रमुख हसले. "अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला? पडद्यावर दिसतंय की!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला फक्त नेमणुकीचं पत्र दिसत होतं.

"पुन्हा तपासून बघ हं," मी म्हणाले. "चित्र बरोबर आहे."

आठवड्याभरात पत्र आलं. सासूबाई फोनवर आनंदाने रडल्या. मला मात्र माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शंकासुर वही घेऊन आली. तीन पानांचं अचूक गणित तिने आडव्या रेघा मारून खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, शून्य.

"आता बरोबर आहे ना, मॅडम?"

मी लाल पेनाने बरोबरची खूण केली.