नावाड्याचं घर

"मी उडी मारतो," हितेश म्हणाला.

"कुठे?" इंद्रजीतनं विचारलं.

"पान्यात. म्हातारा पडला ना."

इंद्रजीत हसला. पनवेलच्या त्याच्या दोन खोल्यांत दर रविवारी दुपारी हा खेळ रंगायचा. अमेरिकेतल्या मावसभावानं नियमांचं पुस्तक पाठवलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. सांगणारा नेहमी इंद्रजीतच. तळोज्याच्या कारखान्यात तो प्रयोगशाळेत होता. मोजून-मापून काम करायची सवय गोष्टीतही उतरायची. आज नावाडी खाडीत बुडणार आणि बाकीचे किल्ल्यावर पोचणार, हे पक्कं होतं. किल्ल्याची चौदा पानं त्यानं आठवडाभर बसून लिहिली होती.

"अरे, नावाडी गेला. लाटा बघ केवढ्या! तुम्ही किनारा गाठा."

"नाय. मी उडी मारली हाय."

"हितेश, गोष्ट पुढे जायला नको का?"

 हितेशच्या मानेची शीर ताठ झाली होती. बँकेतली मिताली त्याच्याकडे बघतच राहिली. सुशांत उठला आणि इंद्रजीतला खुणेनं स्वयंपाकघरात घेऊन गेला. हितेश कारखान्यात सुशांतच्याच खात्यात ऑपरेटर होता, दोन रविवारांपूर्वी सुशांतनंच त्याला इथे आणलं होतं.

"त्याचा धाकटा भाऊ गेल्या दिवाळीत बोटीवरून पडला. उरणच्या पुढे," सुशांत दबक्या आवाजात म्हणाला. "हा त्याच बोटीवर होता. बोट चालवणाऱ्या तांडेलानं उडी मारू दिली नाही, धरून ठेवला. भाऊ सापडलाच नाही."

"आधी सांगायचंस ना!"

"तू नावाडी बुडवणार हे मला काय माहीत?"

 बाहेर येऊन इंद्रजीत म्हणाला, "आज थांबू या का?"

"थांबू नका," हितेश म्हणाला. "म्या उडी मारली. पुढं काय झालं त्ये सांगा."

"फासा टाक."

फासा घरंगळत चहाच्या बशीला आपटला.

"तीन," मिताली पुटपुटली.

तीन म्हणजे म्हातारा बुडालाच. सगळ्यांच्या नजरा इंद्रजीतवर खिळल्या. म्हाताऱ्याला जिवंत काढणं त्याच्या हातात होतं; एका वाक्याचं काम. पण ती दया हितेशला लगेच कळली असती. आणि नियमाप्रमाणे 'सापडला नाही' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"अंधारलंय," तो सावकाश म्हणाला. "दोनदा तुझ्या नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्यांदा त्याचा सदरा हाताला लागला. तू त्याला वर आणलंस. श्वास थांबलाय."

हितेशनं डोळे मिटले. 

"आता किल्ला..." सुशांतनं सुरुवात केली.

"किल्ला नाय. घरी न्यायचा त्याला."

नावाड्याचं घर इंद्रजीतनं लिहिलंच नव्हतं. त्यानं चौदा पानं उचलून गादीखाली सारली.

"खाडीच्या काठाला घर आहे," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. "दारात जाळं वाळत घातलंय. त्याची बायको उंबऱ्यात बसलीय."

"नाव काय तिचं?"

"गुणाबाई."

"काय म्हणते?"

 इंद्रजीत आता गुणाबाई होऊन उंबऱ्यातून बोलत होता. "आनलास त्याला?"

"आनला, आये," हितेशचा आवाज फाटला. "उशीर झाला. मना धरून ठेवला व्हता."

मितालीनं तोंडाला पदर लावला.  गुणाबाई रडेल? शिव्या देईल? हितेश इंद्रजीतच्या तोंडाकडे बघत होता. सहा महिने घरी कुणाला विचारता न आलेलं विचारल्यासारखा.

"थंडीनं काकडलास," इंद्रजीत अखेर म्हणाला. "आत ये. पयलं पानी पी."

हितेशनं खरोखरच हात पुढे केला. इंद्रजीतनं आपल्या पुढ्यातला पेला त्याला दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घालून, घोटाघोटानं, सगळं पाणी संपवलं.