जुन्या चिपच्या नावावर

सर्किट बोर्डाच्या वर्णनाच्या फाइलीत एकशे अठरा नोंदी होत्या. एकशे सतरा मी जुन्या बोर्डावरून जशाच्या तशा घेतल्या होत्या. उरलेली एक मी स्वतः लिहिली आणि नंतर स्वतःच अर्धी खोडली.

बोर्डावर काय काय बसवलंय हे कर्नलला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, आपणहून कळत नाही. लिहून द्यावं लागतं. पद्धत अशी, की प्रत्येक चिपला तिचं स्वतःचं नाव द्यायचं. ती एखाद्या जुन्या चिपसारखीच चालत असेल, तर त्यापुढे जुनीचंही नाव लिहायचं. कर्नल पहिलं नाव बघतो, ते ओळखीचं नसेल तर दुसऱ्यावर भागवतो. दोघींतला फरक उद्या कधी कळलाच, तर वेगळं नाव हाताशी असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमचं बोर्ड वृद्धाश्रमांतल्या शॉवरमध्ये गरम आणि थंड पाणी मिसळायचं. त्या वर्षी तापमान मोजणाऱ्या चिपचा तुटवडा होता, म्हणून खरेदीवाल्यांनी तशीच दुसरी शोधली. मी नियमाप्रमाणे दोन्ही नावं लिहिली. पण नवं नाव आधी कर्नलवाल्यांकडून मंजूर करून घ्यावं लागतं. तीन आठवडे झाले तरी तपासणारा दुरुस्त्याच सांगत होता.

"दोन्ही सारख्याच चालतात ना?" आमच्या गटाची प्रमुख ओइली म्हणाली.

"चाचण्यांत तरी."

"मग त्या नव्या नावाचं काय लोणचं घालायचंय?"

मी ते खोडलं.

जानेवारीत कायानीजवळच्या एका आश्रमात आर्वी नावाचे शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ शॉवरखाली भाजले. डावी बाजू लुळी असल्यामुळे त्यांना बाजूला होता आलं नाही. चौथ्या दिवशी ते गेले.

तिथलं बोर्ड औलूला आमच्या ऑफिसात आलं. इल्पोने दोन दिवस त्याच्यावर काढले. तो आमच्यातला सगळ्यात जुना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने ओइलीला आणि मला बोलावलं.

"वीज क्षणभर दबली की नवी चिप झोपते. जुनी झोपत नाही. आणि झोपेत ही बया गप्प राहत नाही, शेवटचं मोजलेलं तापमान सांगत बसते. पाणी ठरल्यापेक्षा गार असताना झोपली, की बोर्ड आपलं गरम पाणी वाढवतंय, वाढवतंय."

"जागी करता येते?" ओइलीने विचारलं.

"एका आज्ञेत."

"मग टाक अपडेटमध्ये."

"कुणासाठी टाकू? जुनीला ती आज्ञा दिली तर ती बंद पडते. आणि सगळी बोर्डं आपल्यावर जुनीच चिप असल्याचं सांगतात."

"कारखान्यात नोंद असेल की."

"कशाला ठेवतील? आपल्या फाइलीप्रमाणे दोन्ही एकच. चिपांचं जे रीळ हाताला लागलं ते लावलं."

ओइली माझ्याकडे वळली. "तू लिहिलं होतंस ना ते नाव?"

"लिहिलं होतं. तू लोणच्याचं विचारलंस, मग काढलं."

"भांडण मागाहून करा," इल्पो म्हणाला. "बोर्डं किती गेलीत?"

"दोनशे चौदा आश्रमांत," मी म्हणाले.

दुपारपर्यंत दोनशे आठ आश्रमांनी शॉवर बंद केल्याचं कळवलं. उरलेले सहा पूर्वेकडचे. तिकडे बर्फाच्या वादळात फोन बंद होते आणि वीज येत-जात होती. इल्पोने गाडी काढली, मी शेजारी बसले. वाटेत तो एकदाच बोलला.

"मी तुझ्या जागी असतो तर मीही खोडलं असतं. हे सांत्वन समजू नकोस."

रात्री एका पेट्रोल पंपाच्या खोलीत थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच आश्रम झाले. बोर्डाचं खोकं उघडायचं, भिंगातून चिपवरचा आकडा वाचायचा. तीन जुन्या निघाल्या, दोन नव्या. त्या दोन ठिकाणी पाणी तोडलं.

सहावा आश्रम सुओमुस्सल्मीच्या पुढे होता. दार तुइरे नावाच्या सेविकेने उघडलं.

"शॉवर वापरात आहे?" मी बूट न काढताच विचारलं.

"गुरुवार आहे, आज अंघोळी. सकाळी दोघींच्या झाल्या. दुसरीची उरकून शॉवर बंद केला तेवढ्यात वीज गेली, लगेच आली. आता मार्टाला नेतेय."

"थांबव तिला," इल्पो म्हणाला.

"का, तुमचा नंबर आधी लावायचाय?"

आम्ही दोघंही हसलो नाही. तेव्हा तिने मार्टाची चाकाची खुर्ची न्हाणीच्या दारातून मागे ओढली. मार्टाच्या अंगावर फक्त टॉवेल होता.

"पुन्हा उद्यावर ढकलणार का गं?" मार्टाने विचारलं.

मी आत जाऊन शॉवर पूर्ण सोडला. भिंतीवरच्या पडद्यावर ठरलेल्या ३८ च्या जागी ३६.५ अंश दिसत होते. मी थर्मामीटर धारेत धरला आणि घड्याळावर दोन मिनिटं मोजली. पडद्यावर तेव्हाही ३६.५ होते.

थर्मामीटरवर ६३.२.