रडकी भिंत आणि आत्याची टेप

भिंत रडायला लागली तेव्हा खोलीत इतकी गर्दी होती की शेजारच्या माणसाचा कान माझाच समजून मी एकदा खाजवला. त्याने हरकत घेतली नाही. त्याचे काय, सगळ्यांचेच डोळे समोरच्या पांढऱ्या भिंतीवर खिळले होते. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन ओले डाग उमटले होते आणि त्यांतून दोन धारा सावकाश खाली उतरत होत्या.

"रडतंय! घर रडतंय!"

पुढच्या रांगेतल्या बायका हात जोडून खाली बसल्या. मागच्या रांगेतल्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या उभ्यानेच बसल्यासारखा चेहरा करून राहिल्या. बाहेर रखरखीत ऊन. भिंतीत नळ नाही, वर टाकी नाही, पलीकडे न्हाणीघर नाही. आणि भिंत रडतेय म्हणजे अगदी सासरी निघाल्यासारखी.

बंद खिडक्यांच्या त्या खोलीत, मधोमध पाला घातलेल्या पाण्याची परात वाफाळत ठेवून, भिंतीला कान लावून भिंतबाबा उभे होते. भिंत बरंच बोलत असावी, कारण ते मधूनमधून "हं... हं..." म्हणत होते. आईचा फोन आला की आमचे वडील असंच म्हणतात.

"बोल माय, बोल," बाबा भिंतीला थोपटत म्हणाले. "काय? कुणाचे पाय?... अगं, पण हे मी त्यांच्या तोंडावर कसं सांगू?... बरं. तुझी आज्ञा." मग वळून त्यांनी बोट रोखलं, ते थेट माझ्या आत्यावर. "ही बाई घर बघायला आली आणि घर रडलं. नवरा गेला ना तुझा?"

"हो," आत्या म्हणाली.

"कशाने?"

"दम्याने."

"दमा हे निमित्त. तुझे पाय हे कारण."

खोलीतली माणसं आत्यापासून थोडी मागे सरकली. एवढ्या गर्दीत मागे सरकायला जागा कुठून आली, हाच खरं तर त्या दिवसाचा चमत्कार होता.

आत्याने हातातली मापाची टेप गुंडाळून पिशवीत टाकली.

त्या टेपेने ती तीच भिंत मोजत होती. आत्या शिवणकाम करते. शहरात तिची एक खोली आहे. तिच्यात झोप, स्वयंपाक आणि शिलाई मशीन असे तिघे राहतात. एकदा एका गिऱ्हाइकाने नवा कोट परत आणून दिला, कारण त्याला कांद्याचा वास येत होता. त्या दिवशी आत्या म्हणाली, "बस झालं. गावाकडे घर घेणार. अंगणात चार मशीन टाकणार, चार बायकांना शिकवणार. उरलेलं आयुष्य मी उजेडात शिवणार."

मग आम्ही घरं बघत हिंडलो. मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणजे आत्याच्या पिशव्या उचलत होतो. एका घरात 'स्वतंत्र विहीर' होती, ती झोपायच्या खोलीत निघाली. 'शेजार शांत' असलेल्या दुसऱ्या घराच्या शेजारी स्मशान होतं. शेवटी घड्याळवाल्या आजोबांचं हे घर सापडलं. आजोबा म्हातारे, लेकीकडे राहायला निघालेले. लांबलचक ओसरी, दिवसभर उजेड. आत्याने मशीन कुठे ठेवायचं ते मनात ठरवूनही टाकलं होतं. आजोबाही खूश होते. "तुलाच देणार, पोरी. तू आल्याबरोबर घड्याळं वेळ अगदी अचूक दाखवतात म्हणालीस. बाकीचे आल्याबरोबर भाव विचारतात."

पण गावचा नियम असा, की घर विकण्याआधी भिंतबाबांनी ते ऐकायचं. भिंत गप्प राहिली तर व्यवहार करायचा. रडली, तर मालकाने त्या घरात सूर्यास्तानंतर थांबायचं नाही आणि पहिला जो मागेल त्याला मिळेल त्या भावात देऊन टाकायचं. नाहीतर वंश बुडतो.

पहिला मागणारा नेहमी तिथेच असायचा. तो दलाल होता. त्याने खिशातून रुमाल काढून कोरडे डोळे पुसले.

"लोकांचं दुःख मला बघवत नाही," तो म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होवो. मी घेतो. निम्म्या भावात."

"केवढं मन!" कुणीतरी म्हणालं.

आजोबांनी हात जोडले. "मला... मला रविवारपर्यंत मुदत द्या. भिंतभर घड्याळं आहेत. उतरवायला वेळ लागतो."

"घड्याळं उतरव," बाबा उदार होऊन म्हणाले, "पण रात्री इथे झोपू नकोस."

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुझ्या काकांना शेवटच्या महिन्यात मी गावी हवापालटाला नेलं होतं. नेलं नसतं तर..."

"आत्या, वेडी आहेस का?"

"सासूबाई हेच म्हणायच्या. पायांचं. मी कधी ऐकून घेतलं नाही. पण आता भिंतच म्हणाली."

आत्या मला लहानपणापासून ओळखते. मी कुठल्याही प्रसंगी विनोद करतो हे तिला माहीत आहे. मला त्या वेळी एकही सुचला नाही. बाबाचा गळा धरायचा असेल तर दाढी आड येईल का, एवढाच विचार डोक्यात होता.

घरी पोचल्यावर आत्याने सवयीने टेप बाहेर काढली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही अजून ओली कशी?"

"भिंतीला लागली होती ना. आसवं."

"गधड्या, उन्हातून आलोय. आसवं कुणाचीही असोत, वाळतात. मी काय कमी रडलेय?"

टेप पंख्याखाली धरली. वाळली नाही. बोटांना बुळबुळीत लागत होती. विज्ञानाच्या सेवेसाठी मी ती चाटली. कडू, खारट, आणि जीभ जरा गरम झाल्यासारखी.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, कापडाचं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. महागड्या कापडाला ओल लागू नये म्हणून ती अशा डब्या ठेवते. एकदा त्यातली एक फरशीवर लवंडली होती, आणि तेवढा तुकडा पंधरवडाभर ओलाच होता. आत्या पुसायची, तो पुन्हा ओला. त्या डबीत काय असतं ते पुढे खुद्द भिंतबाबाच सांगतील. मी त्यांचा मान हिरावून घेत नाही.

"उद्याच जाऊन सगळ्यांना सांगू," मी म्हणालो.

"मी सांगितलं तर कोण ऐकेल? वाईट पायांची बाई म्हणते भिंत खोटी आहे." आत्या टेप गुंडाळत होती, फार सावकाश, फार घट्ट. "नाही. हे खरं माझ्या तोंडचं नको. त्याच्या तोंडून हवं."

आत्या चिडली की शिवण सरळ येते. त्या रात्रीची शिवण पट्टीने आखल्यासारखी होती.

दोन दिवसांनी आम्ही बाबांच्या दिवाणखान्यात हजर. दुमजली घर. कुणाचं तरी रडलेलंच. बाहेर भक्तांची रांग. आत्याने डोक्यावर पदर घेतला होता आणि आवाजात इतकी नम्रता आणली होती की मलाच भीती वाटली.

"बाबा, माझ्या पायांना काही उपाय? सेवा करीन म्हणते. या दिवाणखान्याला पडदे शिवून देते. माझ्या खर्चाने."

बाबांनी डोळे मिटले. भिंतीशी सल्लामसलत केली. भिंत म्हणाली असावी, नाही म्हणू नकोस.

"कापड जाड घे," बाबा म्हणाले. "अस्तरासकट."

"घेते. पण पाय शुद्ध झाले असं सगळ्यांसमोर सांगाल? म्हणजे तुमच्या घरात पाऊल टाकायला मला भीती नको."

फुकटच्या पडद्यांपुढे बाबांना शुद्धीचा भाव तो काय! रांगेकडे वळून त्यांनी हात उंचावला. "ऐका! आजपासून या बाईचे पाय सोन्याचे! जिथे पडतील तिथे भरभराट!"

आत्याने खाली वाकून नमस्कार केला. उठताना तिने माझ्याकडे पाहिलं. सापळ्याचं दार बंद झालं, कडी लागली. फक्त बाबांना ते अजून कळलेलं नव्हतं.

शनिवारी पडदे लावायला गेलो, तेव्हा बाबा वरच्या मजल्यावर घोरत होते. आत्याने टेपेचं एक टोक दलालाच्या हातात दिलं आणि त्याला "अजून मागे... अजून थोडं..." करत पार अंगणात नेऊन उभं केलं. खिडकीचं माप अंगणातून का घ्यावं लागतं, हे त्याने विचारलं नाही. तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन मी आत होतो. बाटलीत पाणी होतं आणि पाण्यात आत्याच्या डब्यांतलं सगळं. दोन डोळे काढायचं ठरलं होतं. पण मन भरेना. मी चार काढले. मग उत्साहाच्या भरात नाक आणि एक मिशी.

टळटळीत दुपार होती. बघता बघता भिंत कोरडी दिसायला लागली, पहिल्यासारखी साफ.

रविवारी आजोबांच्या घराचा व्यवहार बाबांच्याच दिवाणखान्यात होणार होता. सगळं गाव आत कोंबलं होतं. आत्याचे जाड पडदे, अस्तरासकट, ओढलेले. वाऱ्याची झुळूक आत यायची सोय नाही. मध्यभागी बाबांची नेहमीची परात, तिच्यात वाफाळतं पाणी आणि पाला. सगळ्यांना घाम फुटला होता. आजोबा कागदावर सही करायला पेन शोधत होते आणि एकेक खिसा दोनदा तपासत होते.

"अगं बाई," पुढची एक म्हातारी म्हणाली, "बाबांची भिंत!"

बाबा वळले.

चारही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. नाक वाहत होतं. मिशीचे थेंब टपटप खाली पडत होते. इतकी मनापासून रडणारी भिंत त्या गावाने कधी पाहिली नव्हती.

दलालाची नजर भिंतीवर गेली, आणि सवय म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. त्याचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

"लोकांचं दुःख मला बघवत नाही," तो म्हणाला. "मी घेतो. निम्म्या भावात."

"गाढवा!" बाबा ओरडले. "हे आपलं घर आहे!"

"आपलं?" आजोबांनी पेन शोधणं थांबवलं.

पण गाव भाविक होतं. संकटात सापडलेल्या बाबांना गाव वाऱ्यावर कसं सोडेल? "सूर्य मावळायच्या आत बाबांना बाहेर काढा!" असा गजर झाला आणि मदत सुरू झाली. चौघांनी सोफा उचलला. फ्रिज दारात अडकला, तो भक्तिभावाने आडवा करून काढला. बाबांची आराम-खुर्ची निघाली तेव्हा बाबा तिच्यातच होते.

"ठेवा! खाली ठेवा मला! हिने केलंय! ही पांढऱ्या पायाची..."

"बाबा, सोन्याचे," आत्या म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. सगळ्यांनी ऐकलंय."

"ऐकलंय!" गाव एका सुरात म्हणालं आणि खुर्ची उंबरठ्याबाहेर गेली.

मग भिंतबाबांचा संयम सुटला.

"अरे मूर्खांनो, मीठ आहे ते! ओल शोषणारं मीठ! कपाटात ठेवतात त्या डबीतलं! पाण्यात कालवून भिंतीला फासायचं. वाळलं की दिसत नाही. मग खिडक्या लावा, माणसं कोंबा, उकळतं पाणी ठेवा, ते हवेतली वाफ ओढतं आणि गळायला लागतं! कुठलंही घर रडेल! म्हशीला फासा, म्हैस रडेल!"

खुर्ची हळूहळू खाली टेकली.

"तुम्हाला हो कसं माहीत?" आत्याने विचारलं.



"आणि आमच्या घरी?" आजोबा दलालाकडे बघत म्हणाले. "आदल्या दिवशी तू किल्ली मागून नेलीस. झाडून घेतो म्हणालास."

दलाल रुमालाची घडी घालत होता. रुमाल आधीच घडीत होता. गर्दीतल्या काही माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचीही घरं कधीतरी रडली होती. ती शांतपणे पुढे आली आणि बाहेर काढलेल्या सोफ्यावर बसली, कुठेही न जाण्याच्या बेताने.

आत्या खुर्चीसमोर उभी राहिली. "माझ्या पायांचा काय संबंध होता?"

"काही नाही," बाबा पुटपुटले.

"जोरात."

"पायांचा काही संबंध नाही!"

"आणि दमा?"

बाबांनी मान खाली घातली. "दमा म्हणजे दमा, बाई. आजार असतो तो."

आत्याने एक लांब श्वास सोडला. मला वाटतं, तो ती बसपासून धरून होती. कदाचित त्याच्याही बऱ्याच आधीपासून.

पोलीस आले तेव्हा बाबा आणि दलाल फ्रिजच्या सावलीत बसले होते. त्यांना उन्हात बसवायला मला आवडलं असतं. आम्हीही भिंतीला खोटं रडवलं, हे खरं आहे. मात्र आमचं खोटं उघडं पडावं म्हणूनच केलं होतं, त्यांचं लपून राहावं म्हणून. आणि कबूल करतो, मला मजाही आली.

आता घड्याळवाल्या आजोबांच्या ओसरीवर आत्याची मशीनं चालतात. ती मिठाची भिंत धुऊन भागलं नाही. गिलावा खरवडून काढावा लागला. खोटेपणाचं तसंच असतं, वरवर पुसला की तो पुन्हा ओल धरतो. म्हणून वाचकहो, तुमच्यासमोर भिंत रडली, दगड हसला किंवा झाड शिंकलं, तर हात जोडण्याआधी हात लावून बघा. खिडकी उघडा. आदल्या दिवशी किल्ली कुणाकडे होती ते विचारा. आणि चमत्कार संपता संपता एखाद्या बाईकडे बोट वळलं, तर त्या बाईकडे नका बघू. बोट कुणाचं आहे आणि त्याच्या शेजारी रुमाल घेऊन कोण उभं आहे, ते बघा.

पडदे मात्र आत्याने काढून आणले. कापड चांगलं होतं. अस्तरासकट.